बॉल लागला नव्हता

"टीव्हीचा आवाज येतोय, पण चित्र न्हाई." भारतच्या फोनवर दिवसातून चारदा तरी हे वाक्य यायचं. शिरूरच्या एसटी स्टँडमागं त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. पण भिंतीवरचे हे मोठे, नाजूक टीव्ही दुकानात आणायचे म्हणजे वाटेतच फुटायची भीती. म्हणून तोच हत्यारांची पिशवी घेऊन मोटारसायकलवर गावोगाव फिरायचा.

त्या दिवशी निमोण्याहून आनंदरावांचा फोन आला. आनंदराव म्हणजे गावातलं वजनदार घर. बागायती ऊस, दूध संस्थेची चेअरमनकी, लग्नकार्यात पहिला मान. भारत पोचला तेव्हा ते संस्थेत गेले होते. दार त्यांच्या बायकोनं, शितलनं उघडलं. डोक्यावरचा पदर तिनं डाव्या गालावर ओढून धरला होता.

भारतनं टीव्ही लावला. बातम्यांचा आवाज खणखणीत येत होता, पडदा काळा. त्यानं खिडकी लोटून घेतली आणि पडद्यावर तिरका टॉर्च धरला. नुसते मागचे दिवे गेले असले, तर टॉर्चच्या उजेडात अंधूक सावल्या हलताना दिसतात. मग दिवे बदलले की काम होतं. आतली पट्टी सैल झाली असली, तर उभ्या रेघा येतात. तीही बसवता येते.

इथं तसं काही नव्हतं. पडद्यावर एका जागी शाई सांडल्यासारखा डाग होता आणि त्याच्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा चहूकडं पसरल्या होत्या. जोराचा मार बसल्याशिवाय असं होत नाही. भारतनं भेगेवरून बोट फिरवलं, तर बोटाला काहीतरी लागलं. दोन लांब केस. भेगेत अडकलेले.

टीव्ही उभ्या बाईच्या डोक्याइतक्या उंचीवर टांगलेला होता.

त्यानं हळूच विचारलं, "कशानं फुटला, वहिनी?"

शितलनं दाराकडं पाहिलं. ओठ हलले. "दादा, हे... मला..."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. संस्थेच्या दोन माणसांना घेऊन आनंदराव आत आले. हसतच म्हणाले, "काय भारत, शेजारच्या पोरांनी बॉल मारला बघ! बॉलनंच होतं ना असं?"

सगळे त्याच्याकडं पाहू लागले. शितलही. तांब्या हातात धरून ती उभी होती, आणि तिची नजर भारतच्या तोंडावरून हलत नव्हती.

"व्हय," भारत म्हणाला. "बॉलनंच व्हतं असं. नवाच घ्यावा लागंल."

शितलची मान खाली गेली.

संध्याकाळी भारतनं भरलं ताट तसंच ठेवलं. त्याच्या आईनं, धुरपदाबाईनं, दोनदा विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. वर म्हणाला, "नवरा-बायकोची भानगड ती. आपण कशाला मधी पडायचं? उद्या तालुक्यात मला कोण घरात घेईल?"

धुरपदाबाईनं त्याचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुझा बाप मला मारायचा, तुला ठावं न्हाई. तू पाळण्यात व्हतास. मी दाराकडं बघायची. वाटायचं, आत्ता कुणी कडी वाजवील. नुसती कडी वाजवली असती तरी हात थांबला असता त्याचा. आळीत अकरा घरं व्हती, भारत. सगळी जागी असायची. एकानं बी कधी कडी वाजवली न्हाई. मार विसरले मी, पण ती न वाजलेली कडी मला अजून आठवती."

"आये, तू कधी बोलली न्हाईस."

"कुणाला सांगू? ज्यांना सांगायचं, त्यांना सगळं ठावं व्हतं. आन् तू तर आज चार माणसांत त्याच्या बाजूनं साक्ष दिलीस! जा, तिला विचार जा. तिच्या भावाला कळव."

"उद्या जातो," भारत म्हणाला.

उद्या उजाडला तो दोन लग्नघरांचं काम घेऊन. परवा मंडपातले स्पीकर. तिसऱ्या दिवशी तो निमोण्याच्या फाट्यापर्यंत गेला, आनंदरावांची गाडी पाहिली आणि परत फिरला. चौथ्या दिवशी दुकानात आलेलं गिऱ्हाईक सहज म्हणालं, "आनंदरावांची मालकीण बाथरूमात पाय घसरून पडली म्हनं. तिच्या भांडगावच्या भावानं दौंडला दवाखान्यात नेलीय."

भारतनं दुकानाचं शटर ओढलं.

दवाखान्यात शितलचा अर्धा चेहरा पट्टीत होता. डावा डोळा वाचणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. खाटेशेजारी महिला पोलीस जबाब लिहून घेत होत्या आणि बहिणीऐवजी भाऊच बोलत होता, "पाय घसरला, असं लिहा. तिला तिथंच नांदायचं हाय, मॅडम."

"खोटं हाय हे!" भारत ओरडलाच. सगळे वळले. "बॉल लागला न्हवता! यांचं डोकं आपटलं होतं टीव्हीवर. भेगेत केस मी बघितले, माझ्या डोळ्यांनी. आन् तरी चार माणसांत मी खोटं बोललो. माझा जबाब घ्या आधी."

पोलीसबाईंनी पेन थांबवलं. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

खाटेवरून क्षीण आवाज आला. "दादा, तुमच्या तोंडाकडं बघत होते मी. तुम्ही बॉल म्हणालात, तवा वाटलं, संपलं. आता मेले तरी लोक बॉलच म्हणतील." मग भावाकडं न बघता म्हणाली, "लिहा, मॅडम. पाय न्हाई घसरला. मी सांगते."

त्या दिवशी दोन्ही जबाब लिहिले गेले. पण म्हणून सगळं सुरळीत झालं, असं समजू नका. आनंदराव जामिनावर सुटले आणि आजही पहिल्या पंगतीला बसतात. शितल भांडगावला भावाच्या घरामागच्या खोलीत राहते. वहिनी तिच्याशी बोलत नाही. केसची तारीख पुढं पुढं जाते. निमोण्यातून भारतला आता कुणी बोलावत नाही, आणि त्याला त्याचं दुःखही वाटत नाही. त्याला वाटतं ते एवढंच, की पहिल्याच दिवशी "बॉल न्हाई" हे दोन शब्द तोंडातून निघाले असते, तर एक डोळा वाचला असता. ही टोचणी त्याची कधी जाणार नाही, आणि जाऊही नये, असं तोच म्हणतो.

बंधुभगिनींनो, मारणारा एकटा असतो. त्याला पाठीशी घालणारे आपण पुष्कळ असतो. शेजारच्या घरातलं रडू ऐकून आपण दार लावून घेतो आणि त्याला शहाणपण म्हणतो. ते शहाणपण नव्हे, तो त्या माराला दिलेला हातभार आहे! कुणाच्या अंगावर वळ दिसला, तर विचारा. कडी वाजवा. खरं बोला, आणि आजच बोला. शितलला उद्यापर्यंत वेळ नव्हता.