पाच नंबरचा नापास दिवा

शनिवार, ७ नोव्हेंबर २०१५. संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. जेवणाच्या टेबलावर सात दिवे एका ओळीत मांडले होते, आणि डावीकडून पाचवा मी होतो.

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. घरात टांगायचा नव्हे, टेबलावर ठेवायचाही नव्हे; अंधारात डोंगरातून सायकल चालवणाऱ्याच्या हेल्मेटवर बसणारा. माझे वजन एकशे अठरा ग्रॅम. ॲल्युमिनियमच्या एका ठोकळ्यातून माझा जन्म झाला. यंत्राने माझ्या पाठीवर नऊ पातळ पट्ट्या कोरल्या. प्रकाश देताना अंगात साठणारी उष्णता या पट्ट्यांवाटे वाऱ्याने निघून जावी, अशी ती योजना होती. नंतर कारखान्यात जोडणीच्या बाकावरील एका बाईंनी चिमट्याने माझ्या पोटात तिळाएवढा एक भाग बसवला. अंग फार तापले की हा भाग वीज कमी करतो आणि मी आपोआप मंद होतो. “हा आहे ना, म्हणून तू जळायचा नाहीस,” असे त्या माझ्याशीच बोलल्या. हे वाक्य मी पुढे कित्येक दिवस उराशी धरून होतो.

त्यानंतर चौदा महिने मी सायकलच्या दुकानातल्या फळीवर पडून राहिलो. तेथून त्या शनिवारी मला आणि इतर सहा जणांना एका पिशवीत घालून मास्तरांच्या घरी आणण्यात आले. मास्तर म्हणजे तंत्रविद्यालयात एकतीस वर्षे मोजमापशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘मायक्रोमीटर’ म्हणत. ते त्यांना ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते.

दिवा हवा होता त्यांच्या लेकीला. ती लिफ्ट दुरुस्त करणारी तंत्रज्ञ. हिवाळ्यात तिचे काम संपेपर्यंत उजेड मावळलेला असे, त्यामुळे डोंगरात सायकल चालवायची तर अंधारातच. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तिच्या सायकलला एकच दिवा होता, तोही हँडलवर. हँडलवरचा दिवा चाक जिकडे वळेल तिकडेच बघतो; आपली नजर जिकडे जाते तिकडे नाही. एका तीव्र वळणावर चाक वळण्याआधी पुढचा रस्ता तिला दिसलाच नाही. ती सायकलसकट घळीत कोसळली आणि तिच्या खांद्याचे हाड मोडले. हाड जुळले, धीर मात्र जुळला नव्हता. आता तीन आठवड्यांनी तिच्या सोबत्यांची टोळी पुन्हा त्याच उतारावर जाणार होती.

“या वेळी जमलं तर जमलं, बाबा,” ती म्हणाली होती. “नाहीतर सायकल विकून टाकते. उगाच कोपऱ्यात उभी बघून जीव जळतो.”

मास्तर एवढेच म्हणाले, “दिवा मी निवडतो.”

त्यांची पद्धत काटेकोर होती. प्रकाश मोजायचे यंत्र, दोन तापमापके आणि स्टॉपवॉच त्यांनी जुन्या प्रयोगशाळेतून मागून आणले होते. निकाल आधीच मनात ठरू नये म्हणून आमची सातही माहितीपत्रके न वाचता एका पाकिटात बंद केली आणि पाकीट चिकटवून टाकले. खिडक्या लावल्या, पडदे ओढले. वाऱ्याच्या झुळकेने मोजमाप बिघडू नये म्हणून पंखाही बंद केला.

“अहो, जावई निवडताना एवढी चौकशी केली नव्हतीत,” स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या लेकीच्या आई म्हणाल्या.

“जावई उतारावर उपयोगी पडणार नाही.”

“आणि मी इथे शिजतेय त्याचं काय? पंखा तरी लावा.”

“नाही. परिस्थिती सर्वांना सारखी पाहिजे.”

परिस्थिती खरोखर सर्वांना सारखी होती. प्रत्येक दिव्याला पूर्ण प्रकाशावर तीन तास. एकामागून एक, त्या रात्री दोन आणि पुढच्या दोन दिवसांत पाच. सोमवारी माझी पाळी आली. मी जीव ओतून प्रकाशलो. मात्र बंद खोलीत माझ्या पाठीवरच्या पट्ट्यांना एक श्वासही मिळेना. अंग तापत गेले. अकराव्या मिनिटाला तो तिळाएवढा भाग जागा झाला आणि माझा प्रकाश निम्म्यावर आला. मी काही बोलू शकलो असतो तर ओरडून सांगितले असते, की ही माझी दमछाक नाही, ही माझी काळजी आहे! पण मास्तरांची पेन्सिल आधीच कागदावर चालली होती. “क्रमांक पाच. अकराव्या मिनिटाला स्वतःहून मंद. नापास.”

पहिला आला क्रमांक दोन. तीनशे दहा ग्रॅमचा, रुंद कपाळाचा. आम्ही त्याला पैलवान म्हणत असू. तीन तास त्याचा प्रकाश तसूभरही हलला नाही. त्याचे अंग इतके तापले होते की मास्तरांनी बोट लावून झटक्यात मागे घेतले. तरीही “उष्णता सोसतो” असाच शेरा लिहिला. ती उष्णता त्याच्या पोटातल्या जोडणीने कशी सोसली, हे पाहायला तेथे कोणतेही यंत्र नव्हते.

बाकीचे दिवे परत गेले. मला लेकीने हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली, “हा राहू दे. खिशात मावतो. असला तर असला.”

“नापासाला कशाला ओझं करतेस?”

“एकशे अठरा ग्रॅम, बाबा. ओझं कसलं डोंबलाचं!”

२८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाच सायकली डोंगर चढू लागल्या. पैलवान तिच्या हेल्मेटवर होता, मी जाकिटाच्या छातीवरच्या खिशात. तिच्या काळजाचे ठोके मला स्वच्छ ऐकू येत होते. टोळीत, मी जिथे पडून होतो त्या सायकलच्या दुकानाचे मालकही होते. चढ संपला, खिंडीत पोहोचताना वाटेवरच्या दगडांनी दोन-तीन जोरदार धक्के बसले आणि पैलवान विझला. कळ दाबून पाहिली, थापट्या मारून पाहिल्या, बॅटरी काढून पुन्हा बसवली. काही नाही. दुकानदारांनी तो कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी सुटून खुळखुळत होते.

“आतल्या तारेचा टाका निघालाय,” ते म्हणाले. “कधीतरी भयंकर तापला असणार हा.”

पुढे सहा किलोमीटर उतार होता, आणि तिच्यापाशी पुन्हा हँडलवरचा एकच दिवा. फेब्रुवारीत होता तसाच.

“आपण सायकली ढकलत उतरू,” दुकानदार म्हणाले. “मी येतो तुझ्याबरोबर. त्यात लाज कसली?”

मग तिने मला खिशातून काढले. “हा एक आहे. पण बाबांनी याला नापास केलंय. अकराव्या मिनिटाला मंद होतो.”

“पाच नंबर? नापास?” दुकानदार चकित झाले. “तपासला कुठे?”

“घरी. खिडक्या, पडदे, पंखा, सगळं बंद करून.”

दुकानदार असे हसले की त्यांना सायकलचा आधार घ्यावा लागला. “अगं, तुझ्या मायक्रोमीटर मास्तरांनी माशाला जमिनीवर पोहायला लावलं! हा वाऱ्यावर थंड होतो. वारा लागला की मंद व्हायचं कारणच नाही. माहितीपत्रकात ठळक छापलंय.”

“ते त्यांनी पाकिटात बंद केलंय.”

“का?”

“वाचलं तर निकाल बिघडेल म्हणून.”

यावर सगळेच हसले, तीही हसली. पण मला हेल्मेटवर बसवताना तिची बोटे गार होती. दुकानदारांचे बोलणे पटणे वेगळे आणि त्या वळणावर आपले हाड पणाला लावणे वेगळे. तिने मनगटावरचे घड्याळ सुरू केले. “दहाव्या मिनिटाच्या सुमारास ते वळण येतं. त्याच्या अलीकडे मी थांबणार. याचा उजेड बघणार. तो मंदावलेला असला, तर तिथून चालत.”

“थांब तू. आम्हीही थांबू,” दुकानदार म्हणाले.

आम्ही निघालो. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा वारा माझ्या पाठीवरच्या नऊ पट्ट्यांमधून वाहिला. बंद खोलीत ज्या उष्णतेने माझा गळा आवळला होता, ती पट्ट्यांच्या कडांवरून अशी निघून जात होती, जणू कोणी माझी पाठ पुसते आहे. वाटेतला प्रत्येक दगड, प्रत्येक मूळ मी तिला आधी दाखवत होतो. तिने मान वळवली की मीही वळत होतो.

दहावे मिनिट. ठरल्याप्रमाणे ती थांबली. आता वारा थांबला आणि मला धास्ती वाटू लागली. उभे राहिल्यावर मी तापणार, हे मला कळत होते. तिने समोरच्या खडकावर माझा झोत टाकला आणि घड्याळाकडे पाहत राहिली. अर्धे मिनिट. पाऊण मिनिट. झोत तसाच पांढरा, धारदार.

“काय गं?” मागून दुकानदारांनी विचारले.

“अजून पूर्ण आहे.”

“मग उभी का राहिलीस? उभं करून तूच शिजवशील त्याला. पळव!”

तिने पाय पेडलवर ठेवला. वळण आले तेव्हा अकरावे मिनिट चालू होते. तिने चाक वळवण्याआधी मान वळवली, आणि मी घळीची कड, तिच्या अलीकडची सपाट वाट, वाटेच्या पलीकडचा उतार, सारे तिच्यापुढे मांडले. चाक माझ्या मागोमाग आले. वळण मागे पडले. तिच्या छातीतून एक लांब श्वास निघाला. त्यानंतर ती जे ओरडली तो शब्द नव्हता. नुसताच आनंद होता.

पायथ्याशी मास्तर आणि आई गाडीपाशी उभे होते. मास्तर उतरणारे दिवे मोजत होते. पाचवा दिवा दिसेपर्यंत त्यांचा हात गाडीच्या दारावरून हलला नाही. ती जवळ येताच त्यांनी आधी तिच्याकडे नखशिखांत पाहिले, मग हेल्मेटकडे.

“दोन नंबर कुठाय?”

“गेला.”

“मग हा?”

“तुमचा नापास, बाबा.”

त्यांनी मला हेल्मेटवरून काढून तळहातावर घेतले. मी जेमतेम कोमट होतो. दुकानदारांनी त्यांना वाऱ्याची गोष्ट सांगितली. मास्तर ऐकत राहिले, आणि मग विद्यार्थ्यासारखे खाली बघत म्हणाले, “चूक माझी. दिवा तपासला, पण दिव्याची जागा नाही तपासली. आणि दोन नंबरला तर मीच मारलं.”

“म्हणजे पंखा बंद करून तीन दिवस मला शिजवलंत, ते फुकटच?” आई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांनी लेकीला घट्ट जवळ घेतले.

दुसऱ्या दिवशी ते पाकीट उघडले गेले. मास्तरांनी टेबलावरचा पंखा माझ्यासमोर लावून पुन्हा वेळ मोजली. बॅटरी संपेपर्यंत मी दोन तास वीस मिनिटे पूर्ण प्रकाश दिला. त्यांनी जुना शेरा खोडला नाही. त्याखाली “परीक्षकाची चूक” असे लिहून सही केली.

पुढे उपेक्षाही वाट्याला आली. लेकीच्या कामाची पाळी बदलली आणि मी दोन वर्षे एका खणात पडलो. पट्ट्यांत चिखल वाळला, बॅटरी फुगली. अखेर मास्तरांनीच दात घासायच्या जुन्या ब्रशने माझी पाठ स्वच्छ केली आणि नवी बॅटरी बसवली. आज माझ्या काचेवर ओरखडे आहेत, रंग उडाला आहे, पण मी तिच्याच हेल्मेटवर आहे.

मित्रांनो, एक विनंती आहे. आमची काच आणि पाठ पुसत जा, वापर नसेल तेव्हा बॅटरी काढून ठेवत जा. आणि एखादी वस्तू, किंवा एखादे मूल, कमी पडते आहे असे वाटले, तर शेरा लिहिण्यापूर्वी त्याला हवा मिळते आहे का, एवढे पाहा.

आजवर ती मला घेऊन एकशे शहाऐंशी वेळा अंधारात डोंगरावर गेली आहे. सुखरूप घरी परतली आहे एकशे शहाऐंशी वेळा.