ॲडव्हान्स बॅच

शिरीष खुर्चीत असा बसला, जसं काही खुर्चीनेच त्याला ऑफिसमधून ओढून आणलंय. शाळेच्या समुपदेशक मथुराबाईंनी पाणी पुढे केलं. त्याने ग्लास बाजूला सारला. जणू त्यात विष होतं, आणि तेही हलक्या कंपनीचं.

“मॅडम, सहा वेळा येऊन झालं. पोर्शन किती झाला?”

त्याची दहावीतली मुलगी स्पृहा परीक्षेच्या दिवशी सकाळी उलट्या करायची. गणिताच्या पेपरला तर ती शाळेच्या बाथरूमला आतून कडी घालून बसली. तेव्हापासून मथुराबाई तिला दर आठवड्याला बोलवत. ती यायची, भिंतीकडे बघत बसायची आणि जायची. एक शब्द नाही. पण यायची तरी. शिरीष आज नेमकं तेच बंद करायला आला होता.

“पोर्शन नसतो, सर.”

“मग टेस्ट कशावर घेता?”

“टेस्टही नसते.”

“म्हणजे नुसतं बसवून ठेवता. बसायला जुफैरला घरी आमचा सोफा आहे.” तो पुढे सरकला. “मी हिला याची ट्यूशन लावली होती. जिदहफ्सला एकजण केमिस्ट्री घेतो, त्याला म्हटलं काउन्सेलिंगपण करून घे. उत्तरं पाठ करून घेतली त्याने. ‘हाउ डू यू फील?’ ‘आय फील मोटिव्हेटेड.’ तरी इथे येऊन मफी, काहीच नाही. तुमची डिग्री कुठली हो?”

“नागपूरची.”

“तरीच.”

कोपऱ्यात स्पृहा भिंतीकडे बघत होती. इथे आखातात आपल्या लोकांची पोरं पोहण्यापासून गीतापठणापर्यंत सगळं ट्यूशनला शिकतात, हे मथुराबाईंना ठाऊक होतं. रडण्याची ट्यूशन मात्र त्यांनी पहिल्यांदाच ऐकली.

“आमच्या मंडळातल्या प्रशांतचा चिराग तीन वेळांत सुटला,” शिरीष म्हणाला. “ही सहा करून मागेच. मंडळाच्या गणपतीत लोक विचारतात. उद्यापासून खलास.”

मथुराबाईंनी संयम, सहानुभूती वगैरे शिकलेलं सगळं मनातल्या मनात घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

“चिराग बेसिकला होता,” त्या म्हणाल्या.

शिरीष उठता उठता थांबला. “म्हणजे?”

“बेसिक तीन वेळांत उरकतं. स्पृहाला ॲडव्हान्स बॅचला घेतलंय. काढायचं तर काढा. जागेसाठी इतर पालक टपलेत.”

“हे आधी सांगायचं ना.” त्याने तोच ग्लास उचलून घटाघटा संपवला. “मार्कशीटवर येतं?”

“येत नाही. पण ओळखू येतं.”

“किती महिन्यांचा कोर्स?”

“ते मुलाच्या लेव्हलवर.”

“मग पूर्ण करून घ्या. अर्धवट नको.” बाहेर पडताना त्याचा फोनवरचा आवाज आत ऐकू येत होता. “हेमा, हिला ॲडव्हान्स मिळालं. प्रशांतकडे तू बोलू नको, मी बघतो त्याच्याकडे.”

दार लागलं. स्पृहाने पहिल्यांदाच भिंतीवरून नजर काढली.

“यू लाइड,” ती म्हणाली. “यू आर वर्स दॅन हिम.”

“आहेच,” मथुराबाई म्हणाल्या. “अजून?”

“युअर वॉल इज डिस्गस्टिंग.”

“सहा आठवडे बघतेयस, तुला कळणारच.” त्यांनी खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली. “यल्ला, पुढे बोल. आता बापाबद्दल.”