फाटकाच्या आतली पाटी

मी एक जुनी पाटी आहे. सूचनांचे कागद टोचायची. मित्रांनो, आधीच सांगते, मी साबणाच्या खोक्याच्या फळ्यांतून जन्मले नाही. अस्सल म्लोम्ब्वाचं लाकूड आहे माझं. रंधा फिरवताना सुतारच म्हणाला होता, "हिला वाळवीसुद्धा विचारून शिवेल." झोम्बाच्या डोंगराखाली बायकांनी नेटबॉलचा क्लब काढला आणि मला फाटकाच्या आत, व्हरांड्यात टांगलं.

मला वाचता येत नाही. आयुष्यभर अंगावर अक्षरं टोचली गेली, आत एक शिरलं नाही. पण बायका मोठ्याने वाचतात, म्हणून मला सगळं कळतं. संघात कोण, थोब्वा, ती मक्याची गोडसर पेज, कुणी करून आणायची, कुणाच्या घरी मयत. "पाटीवर आलंय" म्हटलं की वाद संपायचा. एवढा माझा मान! त्या मानानेच घात केला.

एनेलेसी आमची कप्तान. उंच, हसरी, तोंडाची तिखट. महिन्याभरात जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि तिचं नाव सगळे पक्कं समजत होते. तेवढ्यात क्लबातल्याच एका सामन्यात पंच खाली पडल्या. पंच म्हणजे आमच्या अध्यक्ष, अमायी नाफेरे. आमच्याकडे मानाने बाईला अमायी म्हणतात, पुरुषाला बाम्बो. त्या म्हणाल्या, एनेलेसीने ढकललं. ती म्हणाली, पाय घसरला होता, मी सावरायला हात दिला. खरं काय ते मला माहीत नाही. मैदान माझ्या पाठीमागे आहे.

समितीने ठरवलं, चौकशी होईपर्यंत एनेलेसीने आत पाऊल टाकायचं नाही. पहारेकरी कालियातीला तशी ताकीद दिली. मग चिटणीस डोलिकाने नियमाप्रमाणे आठवडाभर आधी कागद लिहिला: शनिवारी तीन वाजता येऊन आपलं म्हणणं मांडावं, सोबत एक माणूस आणावं. आणि तो लावला माझ्यावर. फाटकाच्या आत.

डोंगरावरून चिपेरोनी उतरली होती, ती थंडीतली बारीक झड. एनेलेसी रोज दुपारी फाटकाशी यायची.

"बाम्बो कालियाती, माझ्या नावाची चिठ्ठी आहे का हो?"

"माझ्याकडे कुणी दिली नाही, पोरी."

"मग आत जाऊन विचारते."

"तू आत गेलीस की माझी नोकरी बाहेर गेली. जा घरी, भिजू नकोस."

त्याचाही दोष काय? पाटी वाचणं त्याचं काम नव्हतं. आणि बाकीच्या बायका? त्यांना वाटलं, पाटीवर आलंय म्हणजे तिला ठाऊकच असणार. शिवाय आळ आलेल्या बाईच्या घरी पाऊल टाकायला कुणाला आवडतं? मी वाऱ्याला विनवलं, बाबा, एवढा कागद उचल आणि फाटकापलीकडे टाक. पण डोलिकाने चारही कोपऱ्यांना टाचण्या मारल्या होत्या. कामाची पक्की बाई!

शनिवारी व्हरांड्यात समितीच्या सातजणी बसल्या. अर्धा तास वाट पाहिली, तळलेली गोड मंदाझी खाल्ली.

"चोराच्या मनात चांदणं," अमायी नाफेरे म्हणाल्या. "खरी असती तर आली असती."

डोलिका हळूच म्हणाली, "अमायी, तक्रार तुमचीच आहे. आज तुम्ही बाजूला बसलात तर?"

"मग खुर्चीवर काय तुझी कोंबडी बसवू?"

सगळ्या हसल्या. मग हात वर झाले. डोलिकाचाही झाला. एनेलेसीचं नाव कायमचं काढलं. पत्र्यावर झड वाजत होती, म्हणून त्यांना ऐकू आलं नसेल. मला आलं. फाटकावर टकटक, आणि तिचा आवाज, "आज तरी चिठ्ठी आहे का हो?"

कागद निघाला. त्याच्याखालचं माझं लाकूड आजूबाजूपेक्षा गडद राहिलं होतं. त्यावर दुसरे कागद आले, पण चिपेरोनी उतरली की दुपारी टकटक व्हायची. कालियाती उठून फाटक उघडायचा. बाहेर कुणी नसायचं. भूत मेलेल्यांचंच असतं असं नाही, मित्रांनो. ती तर दूर लिम्बे शहरात गणवेश शिवत जिवंत होती.

तिसऱ्या वर्षी डोलिकाने त्याला विचारलं, "कुणासाठी उघडतोस रे सारखा?" त्याने एनेलेसीचं नाव सांगितलं, ती चिठ्ठी विचारायची तेही. डोलिकाने फाटकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रोज यायची?"

"रोज. तुम्हीच म्हणालात, आत सोडू नको."

डोलिका तडक अमायी नाफेरेंकडे गेली. त्यांनीही नंतर इथेच, या व्हरांड्यात मान खाली घातली. "मला खरंच वाटलं गं, ती आली नाही." चौकशी पुन्हा करायचं ठरलं, त्यांच्याशिवाय. यावेळी डोलिका पत्र हातात घेऊन लिम्बेला गेली.

परत येऊन तिने सगळ्यांना सांगितलं ते मी ऐकलं. एनेलेसीने तिला बसवलं, थोब्वा दिली, पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून परत केलं. म्हणाली, "त्या शनिवारी माझ्याकडे सांगायला खूप होतं, डोलिका. आता खेळायचं वय गेलं. निवाडा बदलायचा तर बदला. मला बोलवू नका."

निवाडा बदलला. तो कागदही माझ्यावरच लागला. वाचताना कुणी आवाज मोठा केला नाही.

मित्रांनो, माझी निगा नाही राखलीत तरी चालेल. पण कागद कुठे लावला हे विचारून गप्प बसू नका, तो कुणाच्या हातात पडला ते विचारा. ज्याच्यावर आळ आहे ते माणूस समोर नसेल, तर हात वर करण्याआधी उठा आणि फाटकाबाहेर बघून या. व्हरांड्यापासून तिथपर्यंत तेवीस पावलं आहेत. मला पाय नाहीत. त्या सातजणींना होते.