पाक मर्सुदींच्या आधी

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आमच्या शाळेत लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. मी तोबा सरोवराकडची. आमच्याकडे माणूस रागावला की ओरडतो आणि खूश झाला की त्याहून मोठ्यानं ओरडतो. लग्न करून समुद्र ओलांडून जावा बेटावर आले, वोनोगिरीच्या या डोंगरातल्या गावात, तर इथे सगळाच उलटा कारभार. इथे माणूस रागावला की गोड हसतो, आणि फारच रागावला तर जेवायला बोलावतो.

सासरी पहिल्या दिवशी पुढ्यात चहा आला, तहान लागली होती, मी घटाघटा प्यायले. मान वर करून बघते तर वीस माणसं आपापल्या पेल्याकडे बघत गप्प बसलेली. आजेसासऱ्यांनी अजून पेला उचलला नव्हता. मोठ्या माणसाच्या आधी हात पुढे करायचा नाही, जेवताना नाही, बसताना नाही, बोलताना तर नाहीच. याला इथे सुंकान म्हणतात. मी सरळ भीड म्हणते. माझा नवरा वागियो म्हणतो, तुला ते जन्मात कळायचं नाही. बारा वर्षं झाली, अजून म्हणतो.

तर मी बू रोतुआ, म्हणजे रोतुआबाई. सहावीला शिकवते, नऊ वर्षं, आणि नऊच्या नऊ वर्षं तात्पुरती. दर जुलैत माझं नाव यादीत आहे की नाही ते बघायला मी फळ्यापाशी उभी राहते. यंदा मात्र मुख्याध्यापक पाक मर्सुदी, म्हणजे मर्सुदी गुरुजी, निवृत्त होणार होते आणि जाता जाता त्यांनी मला कायम करण्याचा अर्ज भरला होता. अर्जावर दोन सह्या लागत होत्या, तपासणीबाईंची आणि त्यांची. तपासणीबाई बू विनार्सिह आधी माझा एक तास बघणार होत्या, आणि तो तासही मुलांच्या हाती मोबाइल देऊन घेतलेला हवा होता. मुलं नुसती ऐकत बसलेली चालणार नव्हती, त्यांनी भाग घेतलेला दिसायला हवा होता.

मला काय, मी तयारच. प्रश्नांचा एक खेळ असतो: भिंतीवरच्या पडद्यावर प्रश्न येतो, मुलांच्या हातातल्या मोबाइलवर चार रंगांचे चौकोन येतात, वीस सेकंदांत बरोबर चौकोन दाबायचा. जो आधी दाबेल त्याला गुण जास्त. आईबापांचे, काकांचे, शेजाऱ्यांचे मिळून बावीस मुलांत बावीस मोबाइल मी जमवले. सेकारनं आणलेला तिच्या आईचा होता. आई तळलेलं तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकते, त्यामुळे तो तेलकट तर होताच, शिवाय मधूनच त्यावर गिऱ्हाईक मागणी कळवायचं.

शनिवारी रंगीत तालीम केली. काय सांगू, वर्ग अक्षरशः डोक्यावर घेतला कार्ट्यांनी. प्रश्न पुरा व्हायच्या आत बावीस बोटं पडत होती. जो पोरगा वर्षभर खिडकीबाहेर बघत बसायचा तो बाकावर उभा राहून ओरडत होता की कोंबडी अंडज, अंडज! पाचवीच्या बाई पट्टी घेऊन बघायला आल्या की इथे मारामारी चाललीय का. मी घरी जाऊन वागियोला म्हणाले, आता यंदा फळ्यापाशी उभं राहणं नाही. तो हसला. तो रागावला नव्हता, एवढं मला आता कळतं.

सोमवारी बू विनार्सिह आल्या. गोऱ्या, नीटनेटक्या, आवाज इतका हळू की कान लांब करावे लागतात. आल्या आल्या त्यांनी वाकून पाक मर्सुदींचा हात कपाळाला लावला, कारण त्याही त्यांच्याच विद्यार्थिनी. या गावात त्यांची विद्यार्थिनी नसलेली बाई म्हणजे मीच. मग पाक मर्सुदींनी खिशातून एक चकचकीत मोबाइल काढला. सुराबायाहून मुलानं पाठवला होता. म्हणाले, बू रोतुआ, जाता जाता मीही शिकतो, मलाही घ्या खेळात. मी टाळ्या वाजवल्या. आग लागो त्या टाळ्यांना! बू विनार्सिह म्हणाल्या, मग मीही खेळते. पडद्यावर चोवीस नावं चढली आणि मला वाटलं, आज गंगेत घोडं न्हालं.

पहिला प्रश्न आला. गाय काय खाते, असला सोपा. वीस सेकंद गेले. पडद्यावर आलेली उत्तरं शून्य.

मला वाटलं नेट गेलं. मी माझा मोबाइल उचलून खिडकीत धरला, टेबलावर चढून धरला, त्याला दोन शिव्या दिल्या, त्या आमच्याकडच्या भाषेत असल्यामुळे चालून गेल्या. नेट ठणठणीत होतं. सेकारच्या मोबाइलवर तेवढ्यात मागणी आली, दहा तेम्पे, मिरची जास्त.

दुसरा प्रश्न लावला आणि या वेळी पडद्याकडे न बघता वर्गाकडे बघितलं. बावीस बोटं बावीस चौकोनांच्या वर, अर्ध्या वितीवर थांबलेली. आणि बावीस माना पाक मर्सुदींकडे वळलेल्या. ते बिचारे चष्मा कपाळावर सरकवून, मोबाइल नाकाला लावून, प्रश्न पहिल्या अक्षरापासून मनापासून वाचत होते. सतराव्या सेकंदाला त्यांचं बोट पडलं. त्यासरशी पडद्यावर चोवीस उत्तरं आली.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. मोठ्यांच्या आधी हात पुढे करायचा नाही. तो पेला होता, हा चौकोन, एवढाच फरक.

तिसरा प्रश्न होता, कोळ्याला पाय किती. सगळ्या वर्गाला पाठ. पाक मर्सुदींनी बराच विचार केला, बोट खाली आणलं, आणि पडलेलं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं, सहा. पडद्यावर चोवीस उत्तरं. चोवीसच्या चोवीस सहा.

बू विनार्सिहांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यांना माझं शिकवणं कळलं असणार: नऊ वर्षं शिकवून या बाईच्या वर्गात एकालाही कोळ्याचे पाय मोजता येत नाहीत. तो जुलै, तो फळा, सगळं डोळ्यांपुढे आलं.

आता काय करायचं? वागियो नेहमी सांगतो, इथे बोलायचं नसतं, जाणवून द्यायचं असतं. मी म्हटलं चला, आज तेही करून बघू. शक्य तितक्या हळू आवाजात मी पाक मर्सुदींना म्हणाले की बाहेर ओसरीवर कॉफी ठेवलीय, गार होत असेल. ते म्हणाले, गारच बरी लागते. मी म्हणाले की बारीक अक्षरांनी डोळ्यांना त्रास होत असेल. ते म्हणाले, छे छे, फार मजा येतेय, मुलं किती शांत बसलीत बघा. मी म्हणाले की तुमच्यासारख्यांनी लांबून बघितलं तरी आम्हाला आशीर्वाद आहे. ते उठले. मी मनात देवाचे आभार मानले. ते खुर्ची उचलून पुढे, थेट पडद्याच्या शेजारी येऊन बसले, म्हणजे आता सगळ्या वर्गाला त्यांचं बोट नीट दिसत होतं.

चौथ्या प्रश्नाला पुन्हा बावीस बोटं थांबलेली आणि सेकारच्या डोळ्यांत पाणी. तिला उत्तर येत होतं. तिला सगळीच उत्तरं येत होती, शनिवारी ती पहिली आली होती. ते पाणी बघितलं आणि माझी बारा वर्षांची जावातली शिकवण एका क्षणात उडून गेली.

"पाक," मी म्हणाले, आणि आवाज पाचवीच्या वर्गापर्यंत गेला असणार, "तुम्ही बोट लावेपर्यंत इथे कुणी बोट लावत नाही. तुम्ही चुकलात तर सगळे चुकतात. यांना उत्तरं येतात, पाक. तुमच्या भिडेनं मरतायत नुसते."

बू विनार्सिह वहीकडे बघत होत्या. मी मनातल्या मनात अर्ज फाडून टाकला.

पाक मर्सुदींनी हळूच वर्गाला विचारलं, हे खरं का. बावीस मुलं एका सुरात म्हणाली, नाही पाक. अगदी गोड. त्यावरून त्यांना कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. मग ते बू विनार्सिहांकडे वळले.

"विनार्सिह, तू किती दाबलंस?"

"सहा, पाक."

"तुला मीच सहावीत आठ शिकवले ना?"

"हो, पाक."

"मग?"

तपासणीबाईंनी मान खाली घातली. त्या क्षणी त्या पुन्हा सहावीतल्याच दिसत होत्या. "तुम्ही सहा म्हणालात, पाक."

पाक मर्सुदींनी आपलं बोट डोळ्यांसमोर धरून बघितलं. मग म्हणाले, "अगं, मला आठच दाबायचं होतं. बोट घसरलं माझं."

कुणी हसलं नाही. हसायला त्यांनी आधी हसायला हवं होतं ना! मला मात्र त्या माणसाची दया आली आणि स्वतःचा भयंकर राग आला. अडतीस वर्षं त्यांना वाटत होतं वर्ग ऐकतोय, आणि वर्ग नुसता त्यांची वाट बघत होता. हे जायच्या महिन्यात, सगळ्यांसमोर, माझ्या भोंग्यातून कळायला हवं होतं का?

त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर लावला आणि वर्गाला सांगितलं की आता ते शेवटी दाबणार. जो त्यांच्या आधी दाबेल त्यानं त्यांचा मान राखला असं ते समजतील, आणि जो थांबेल त्यानं राखला नाही. मुलांनी एकमेकांकडे बघितलं. हा हुकूम होता, आणि मोठ्यांचा हुकूम मोडायचा नसतो.

मी कोळ्याचाच प्रश्न पुन्हा लावला. दोन सेकंदांत तेवीस उत्तरं, तेवीस आठ. त्यातलं एक बू विनार्सिहांचं होतं आणि त्या सातव्या आल्या. नंतर जो गोंधळ झाला त्यात पाचवीच्या बाई पुन्हा पट्टी घेऊन आल्या आणि या वेळी त्याही बघत उभ्या राहिल्या. सेकार पहिली आली. तिनं आनंदानं मोबाइल उंच धरला, त्यावर आईला आणखी पंधरा तेम्प्यांची मागणी आलेली. पडद्यावर सगळ्यात खाली नाव होतं पाक मर्सुदी. दर प्रश्नाला ते मोठ्यानं विचारायचे, मी अजून शेवटचाच ना, आणि वर्ग ओरडायचा, हो पाक! इतक्या वर्षांत मुलांनी त्यांना मोठ्या आवाजात उत्तर दिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तास संपल्यावर आम्ही तिघं ओसरीवर बसलो. कॉफी खरोखरच गार झाली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, आता गप्प बसा, नऊ वर्षांत तुमचा आवाज पहिल्यांदा कामाला आलाय. मी गप्प बसले. मला ते जमतं, लोकांना खोटं वाटतं.

बू विनार्सिहांनी अर्ज बाहेर काढला, तपासणीच्या जागेपाशी पेन टेकवलं आणि थांबल्या. दोन चौकोन होते, वरचा त्यांचा, खालचा त्यांच्या गुरुजींचा. त्यांनी पेन उलटं करून अदबीनं पाक मर्सुदींपुढे धरलं.

पाक मर्सुदींनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तू आधी," ते म्हणाले.

बू विनार्सिहांनी सही केली, गुरुजींच्या आधी. मग पाक मर्सुदींनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला, अर्ज नाकाजवळ धरला आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला सुरुवात केली. माझा जीव टांगणीला लागला होता, पण मी त्यांना अजिबात घाई केली नाही.