यादीतला कोबी

डॅरेल गेला ऑक्टोबरमध्ये. माझ्या बहिणीचा, आर्डिथचा, एकुलता एक मुलगा. चौतिसाव्या वर्षी झोपेतच गेला. तिनं दुसऱ्याच आठवड्यात फूड स्टॅम्पच्या, म्हणजे गरिबांना किराण्यासाठी सरकारी पैसे देणाऱ्या, ऑफिसला फोन लावला. यंत्रातली बाई म्हणाली, घरातलं माणूस कमी करायचं असेल तर तीन दाबा. आर्डिथनं तीन दाबलं. पुढच्या महिन्यापासून कार्डावर एकटीपुरतेच पैसे यायला लागले.

मी खालच्या मजल्यावर राहते, ती वर. यंग्जटाउनमधलं आमचं हे घर दोघींनी भाड्यानं घेतलंय. फेब्रुवारीत तिची साखर एवढी चढली की दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ पोरीनं, रेनाटानं, तिला समोर बसवलं.

"मिसेस हरुष्का, एकच आठवडा. स्टॅम्पच्या पैशांत बसेल असंच सगळं लिहून देते. तेवढंच खायचं. जमेल?"

"जमेल," आर्डिथ म्हणाली. नाही म्हणायला कारण शोधावं लागलं असतं.

सोमवारी आम्ही बसनं दुकानात गेलो. ओट्स, मसूर, कोबी, गाजरं, अंडी, डबाबंद मासे, गोठवलेला पालक. ती यादी हातात धरून चालत होती, आणि एकेक वस्तू टोपलीत पडली की पेन्सिलीनं खूण करत होती.

"कोबी? आपल्या आईनं कोबी खाऊ घालून घालून आपल्याला घराबाहेर काढलं," मी म्हणाले.

ती हसली नाही. ऑक्टोबरपासून मी रोज एखादा तरी विनोद करत होते. सवय, दुसरं काय.

रोज सकाळी सातला वरून पातेल्याचा आवाज यायचा. ओट्स. दुपारी मसुराचं सूप. संध्याकाळी मासे आणि पालक. मी वर जायचे तर ती खात असायची, भिंतीकडे बघत, एका लयीत. कसं झालंय विचारलं तर म्हणायची, "शिजलंय."

बुधवारी मला राहवलं नाही. माझ्या पदरच्या पैशांनी दुकानातून भाजलेली गरम कोंबडी आणली. स्टॅम्पवर गरम जेवण देत नाहीत. वर नेऊन टेबलावर ठेवली.

"खा."

"यादीत नाही."

"यादी म्हणजे काय बायबल आहे का गं? ती पोर तुझी लेक शोभेल एवढी. एक तंगडी खाल्लीस म्हणून पोलीस बोलावणार नाही."

"नेडीन, ओरडू नकोस."

"ओरडू नको तर काय करू? गवत दिलं तरी खाशील तू!"

तिनं चमचा खाली ठेवला. आवाज चढवला नाही.

"काय खायचं ते कुणीतरी लिहून दिलंय. मला ठरवावं लागत नाही. बरं वाटतं तेवढं."

मग परत चमचा उचलला. मी कोंबडी खाली नेली आणि मोरीपाशी उभ्यानं खाल्ली. घशाखाली उतरली, एवढंच आठवतं. गुरुवारपासून मी वर जाऊन तिच्याबरोबर कोबीच खायला लागले.

रविवारी यादी संपली.

सोमवारी सकाळी वरून आवाज आला नाही. मला वाटलं, झोपली असेल. कपडे धुवून आले, दोन वाजले. वर गेले तर ती कोट घालून टेबलाशी बसलेली. समोर रिकामा कप.

"खाल्लंस काही?"

"काय खायचं?"

थट्टा नव्हती ती. खरंच विचारत होती.

मी फ्रिजवरची यादी काढली, पालथी केली आणि तिच्याच पेन्सिलीनं लिहिलं: सोमवार. ओट्स. सूप. दोन अंडी, गाजर. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तिनं कागद उचलून वाचला.

"दोन वाजता ओट्स?"

"लिहिलंय ना?"

ती उठली, कोट काढला आणि पाणी उकळायला ठेवलं.

गुरुवारी दवाखान्यात साखर बरीच उतरलेली निघाली. रेनाटाचा आनंद गगनात मावेना.

"कसं जमवलंत? इतर बायकांना सांगाल का?"

"लिहिलं होतं," आर्डिथ म्हणाली आणि बाही खाली केली.

तेव्हापासून दर रविवारी मी लिहिते. एकाच दिवशी दोनदा पालक लिहिला तर ती दोनदा खाते. एकदा चुकून शुक्रवार राहिला, तर त्या दिवशी ती उपाशी राहिली. आता मी दोनदा तपासते.

एप्रिलच्या सुरुवातीला मला ताप भरला. दोन रविवार मी वर गेलेच नाही, आणि तापात यादीचं ध्यानातच राहिलं नाही. मंगळवारी आठवलं, तशी धडपडत जिना चढले. फ्रिजवर कागद होता, अक्षर तिचं. माझी शेवटची यादी तिनं जशीच्या तशी उतरवून काढली होती, माझ्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

"बस," ती म्हणाली. "आज कोबी आहे."

मी बसले. तिनं आणखी एक ताटली काढली.