थांबती यादी

नोटीस आली त्या दिवशी स्वप्ना केजजवळच्या माळावर वडिलांच्या मेंढरांना लस टोचून घेत होती. डॉक्टर टोचत होते, तिचे वडील धुळाजी एकेक मेंढरू धरून पुढं करत होते आणि ती मोबाईलवर नोंद करत होती. पोस्टमननं फोन करून सांगितलं की रजिस्टर आलंय, सही तुमचीच लागेल. दुपारी ती गावात गेली आणि पोस्टाच्या पायरीवरच तिनं पाकीट फोडलं.

नोटीस पुण्याच्या एका वकिलाची होती. अशिलाचं नाव युवराज रामहरी. टचस्क्रीनवरची यादी वरखाली सरकवण्याची एक पद्धत अशिलानं शोधली आहे, तिचं पेटंट त्याच्या नावावर आहे, तुमच्या 'खांडवा' या अॅपमध्ये ती विनापरवानगी वापरली आहे. पंधरा दिवसांत बंद करा, नाहीतर दावा दाखल होईल. शेवटच्या पानावर पेटंटमधली आकृती जोडली होती. स्क्रीनच्या कडेवर टेकवलेला अंगठा आणि त्याच्या बाजूला तीन लहान बाण.

तो अंगठा स्वप्नानं काढला होता. बीडच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या कँटीनमध्ये, वहीच्या पाठकोऱ्या कागदावर. कागद युवराजकडेच राहिला होता.

युवराज तिचा वर्गमित्र. त्याचे वडील रामहरी आधी ऊस तोडायचे, मग तोडणी कामगारांच्या टोळीचे मुकादम झाले. आई चंद्रभागाबाईंनी मात्र पुढंही कोयता सोडला नव्हता. एका सुट्टीत स्वप्ना त्यांच्या घरी गेली होती. चंद्रभागाबाई मुलानं दिलेल्या मोबाईलवर बहिणीचं नाव शोधत होत्या. बोटं लाकडासारखी झालेली, कातडीला भेगा. बोट स्क्रीनवर असायचं, पण मोबाईलला वाटायचं की ते उचललं आणि पुन्हा टेकवलं. यादी सुसाट पळायची, मधेच थांबायची आणि भलत्यालाच फोन लागायचा. युवराज हसला आणि म्हणाला, हिला बटनाचाच मोबाईल बरा.

स्वप्नाला हसू आलं नाही. तिच्या आईची, बायडाबाईची बोटं तशीच होती. आठ-दहा दिवस त्यांच्याच घरी राहून ती त्यामागं लागली. स्पर्श मधेच तुटला तरी मोबाईलनं तो एकच धरायचा. अंगठ्याची कड किंवा बोटाचं पेर टेकवून जरा रेटा दिला की यादीतलं एकच नाव पुढं यायचं, मोबाईल थरथरायचा, नाव बोलून दाखवायचा आणि यादी तिथंच थांबायची. कल्पना तिची होती. युवराजनं काहीच केलं नाही असं तीही कधी म्हणाली नाही. निम्मा प्रोग्राम त्यानं लिहिला, आणि चांगला लिहिला. त्या वर्षी टोळी कारखान्याला निघाली तेव्हा ट्रकमध्ये बसायच्या आधी दोघांनी सगळ्या बायकांच्या मोबाईलवर तो टाकून दिला. बायकांनीच त्याला थांबती यादी असं नाव दिलं.

कॉलेजनंतर दोघांनी केजमध्ये एक खोली घेऊन काम सुरू केलं आणि वर्षभरात भांडण झालं. ही पद्धत एखाद्या मोबाईल कंपनीला विकावी असं युवराजचं म्हणणं होतं. ती म्हणत होती, बायका वापरताहेत, वापरू दे. एक दिवस बाहेरची दोन माणसं बसलेली असताना तो म्हणाला की मेंढक्याच्या पोरीला धंद्यातलं काय कळतं. स्वप्ना त्याच दिवशी तिथून उठली ती परत गेली नाही. मेंढपाळांसाठी तिनं एकटीनं 'खांडवा', म्हणजे मेंढरांचा कळप, या नावाचं अॅप केलं. कोणत्या मेंढराला कोणती लस झाली, कुठल्या शिवारात रोग आहे, जवळ डॉक्टर कोण, हे सगळं त्यात होतं. यादी तीच, थांबती.

पोस्टाच्या पायरीवरूनच तिनं युवराजला फोन लावला. चार वर्षांनी त्याचा आवाज ऐकला.

"ते चित्र कुणी काढलंय, तुला माहीत आहे," ती म्हणाली.

"कागदावर माझं नाव हाय," तो म्हणाला. "तुझं कुठं हाय, ते दाखव."

आणि त्यानं फोन ठेवला.

तिनं अॅप बंद केलं नाही. महिन्याभरात युवराजनं मागाहून काढलेल्या कंपनीनं तक्रार केली आणि ते मोबाईलवरच्या अॅपच्या दुकानातून काढलं गेलं. ऐन लसीकरणात मेंढपाळांचे फोन येऊ लागले की मोबाईल बदलला तर अॅप मिळत नाही, आमच्या नोंदी दिसत नाहीत. मग बीडच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला, आणि त्याच आठवड्यात रामहरी मुकादमांनी वेगळीच गोष्ट केली. आसपासच्या पाच-सहा गावांतल्या शेतकऱ्यांना त्यांनी निरोप धाडला की धुळाजीची मेंढरं कुणी लेंडीखतासाठी रानात बसवायची नाहीत. त्या गावांतली निम्मी माणसं त्यांच्या टोळीत जायची. कुणी नाही म्हणायला धजावलं नाही. धुळाजी पंधरा वर्षं ज्या रानांत मेंढरं बसवत होते, तिथल्या माणसांनी त्यांच्याकडं न बघता सांगितलं की औंदा नको.

धुळाजी खांडवा घेऊन परळीकडं गेले. तिथं वीजकेंद्राची राख गवतावर बसलेली असायची. मेंढरं ठसकायला लागली, चार मेंढ्या गाभडल्या, कोकरं पोटातच गेली. बायडाबाई मेंढरांच्या वाड्यावरून फोन करून स्वप्नाला टोचून बोलायची. त्या मोबाईलमधल्या खेळापायी माझी कोकरं मेली, असं ती म्हणाली. मिटवून टाक, त्याच्या पाया पड, पण आमाला आमच्या रानात येऊ दे. त्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ते स्वप्नाला जास्त लागलं. धुळाजींनी मात्र मिटव असं एकदाही म्हटलं नाही.

शहादेव वकील बीडचे. आयुष्यभर बांधाच्या आणि वाटणीच्या केसेस चालवलेला माणूस. पेटंटचा कायदा त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतला, पण मन लावून वाचला. पेटंटच रद्द करा अशी उलट मागणी त्यांनी केली, तशी केस कायद्याप्रमाणं हायकोर्टाच्या खंडपीठाकडं गेली. मग त्यांनी स्वप्नाला समोर बसवून नीट सांगितलं.

त्यांच्यापुढं दोन मुद्दे होते. एक, शोध तुझा आहे आणि त्यानं तो लबाडीनं स्वतःच्या नावावर घेतला. तो सिद्ध झाला तर तुझं नाव लागायची वाट तरी उघडी राहते. पण पुरावा काय? कागद त्याच्याकडं, प्रोग्राम त्याच्या खात्यावर, साक्षीदार कुणी नाही. दुसरा मुद्दा असा की ही पद्धत पेटंटच्या अर्जाच्या कितीतरी आधी लोक उघडपणे वापरत होते. लोकांच्या हातात आधीच गेलेल्या गोष्टीचं पेटंट होत नाही. हे सिद्ध झालं तर पेटंट संपलं.

"मग ते माझं होईल?" स्वप्नानं विचारलं.

"कुणाचंच होणार नाही," शहादेव म्हणाले. "त्याचं नाही, तुझंही नाही. तू सुटशील एवढंच."

ती म्हणाली, दोन्ही मांडा, पण पहिला सोडू नका. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या मुद्द्यालाही साक्षीदार मिळेना. टोळीतल्या बायका रामहरींच्या हाताखालच्या. स्वप्ना सात घरी गेली. दोघींनी दारच उघडलं नाही. रतनबाई नावाच्या एकीनं पाणी दिलं आणि सांगितलं की बाई, मला काईच आठवत न्हाई, आणि पुन्हा येऊ नको.

साक्षीदार आणला तो युवराजनंच. शोधामागची प्रेरणा दाखवायला त्याच्या वकिलानं चंद्रभागाबाईंचं प्रतिज्ञापत्र दिलं. माझ्या हाताचे हाल बघून माझ्या मुलानं हे बनवलं, असं त्यात होतं. खाली अंगठा उठवलेला होता. ठशात एकही रेघ नव्हती, नुसता निळा डाग.

साक्षी नोंदवायला कोर्टानं एका निवृत्त न्यायाधीशांना नेमलं होतं. चंद्रभागाबाईंना प्रवास झेपत नव्हता, म्हणून त्यांची उलटतपासणी बीडमध्येच झाली. लांबट खोली, मधे टेबल. एका बाजूला युवराज, रामहरी आणि पुण्याचे वकील. दुसऱ्या बाजूला स्वप्ना आणि शहादेव. युवराजनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि वकिलाच्या कानात काही बोलून हसला. चंद्रभागाबाईंनी तिच्याकडं पाहिलंच नाही.

शहादेवांनी घाई केली नाही. त्यांनी आधी ऊसतोडीचं विचारलं. किती वर्षं गेलात, कोणत्या कारखान्याला, हात कधीपासून असे झाले. चंद्रभागाबाई आधी दबकत बोलत होत्या, मग मोकळ्या झाल्या. मोबाईल लई तरास द्यायचा, म्हणाल्या. मग मुलानं यादी करून दिली आणि बहिणीला रोज फोन लावता यायला लागला.

"तुम्हाला एकटीलाच करून दिली, की आणखी कुणाला?" शहादेवांनी सहज विचारलं.

"एकटीला कावून?" त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान दिसत होता. "समद्या टोळीला दिली. चाळीस-पन्नास बायका हुत्या. कारखान्यावर दुसऱ्या टोळीच्या बायका यायच्या, त्याबी शिकून गेल्या."

पुण्याच्या वकिलानं हरकत घेतली. न्यायाधीशांनी हरकत लिहून घेतली आणि उत्तरही लिहून घेतलं.

"हे कोणत्या वर्षी?"

"माझी थोरली नात झाली त्या साली. तिच्या बारशाला मला फडातून येता आलं न्हाई, मग मीच तिला फोनवरून हाक मारली." त्यांनी बोटांवर मोजलं. "सात वर्षं झाली."

युवराजचा अर्ज त्यानंतर दोन वर्षांनी केलेला होता. आई काय बोलून गेली हे युवराजला कळलं. तो अर्धा उठला. वकिलानं त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं. रामहरींना काहीच समजलं नव्हतं. ते बायकोकडं कौतुकानं बघत होते.

शहादेवांनी आणखी एकच प्रश्न विचारला, आणि तो स्वप्नासाठी होता. "ही यादी करण्याची कल्पना कुणाची? सुट्टीत तुमच्या घरी ही मुलगी आली होती, तुमचा हात हातात घेऊन बघत बसायची. खरं ना?"

चंद्रभागाबाईंनी तेव्हा पहिल्यांदा स्वप्नाकडं पाहिलं. नजर हलवली नाही.

"पोरगी आल्ती," त्या म्हणाल्या. "जेवली, ऱ्हायली. यादी माझ्या लेकानं केली."

शहादेव खाली बसले. स्वप्ना त्यांना हलक्या आवाजात म्हणत होती की अजून विचारा, आठ दिवस काय झालं ते विचारा, त्यांना सगळं माहीत आहे. त्यांनी कागदावर लिहून तिच्यापुढं सरकवलं: 'आपण जिंकलोय. आता ताणलं तर ती मघाचंही फिरवेल.'

बाहेर व्हरांड्यात चंद्रभागाबाई बाकावर एकट्या होत्या. युवराज आणि रामहरी जिन्याजवळ एकमेकांवर धावून जात होते. कुणी काय सांगितलं होतं आणि कुणी कुणाला पढवलं नव्हतं, यावरून. स्वप्ना बाकासमोर उभी राहिली.

"काकू, तुम्ही खोटं बोललात."

"हाव," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "एक बोलले. त्यो माझा लेक हाय."

"माझ्या आईची कोकरं मेली तुमच्या लेकापायी."

पदर सारखा करत चंद्रभागाबाईंनी पाय वर घेतले, जसं काही स्वप्नाला वाट करून देत होत्या. स्वप्नाच्या मनात बरंच आलं. त्यांच्या घरची भाकरी, त्यांनी तिच्या डोक्याला लावलेलं तेल. ते आठवून राग कमी होईल असं तिला वाटलं होतं, पण तो वाढलाच.

"पुन्हा मला ओळख दाखवू नका," ती म्हणाली आणि खाली उतरली.

निकाल यायला पुढं सव्वा वर्ष गेलं. पेटंट रद्द झालं. निकालपत्रात चंद्रभागाबाईंची साक्ष जशीच्या तशी दिली होती. त्यानंतर एक ओळ होती: या निष्कर्षामुळे मूळ शोध कोणाचा, या मुद्द्यात जाण्याची गरज उरत नाही. स्वप्नानं ते पान शहादेवांच्या ऑफिसात उभ्यानंच वाचलं. त्यांनी पेढे मागवले होते. तिनं एक उचलला आणि तसाच परत डब्यात ठेवला.

'खांडवा' पुन्हा सुरू झालं. सहा महिन्यांत दोन कंपन्यांच्या स्वस्त मोबाईलमध्ये तशीच यादी आली. कंपन्यांना आता कुणाला विचारायची गरज नव्हती. युवराजची कंपनीही ती विकत राहिली. जाहिरातीत तो स्वतःला शोधकर्ता म्हणवून घेतो, आणि त्याला अडवायला स्वप्नाकडं कागद नाही. केजच्या स्टँडवर एकदा ते समोरासमोर आले. तो म्हणाला, "तुलाबी काय मिळालं न्हाई ना?" तिची जीप आली होती, ती त्यात चढली.

रामहरींचा निरोप अजून उठलेला नाही. धुळाजी यंदाही मेंढरं घेऊन परळीकडंच गेले. स्वप्ना त्यांना भेटायला गेली तेव्हा तिनं निकाल समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी ती यादी आता कुणाची?"

"कायद्यानं कुणाचीच नाही, आबा."

"आन् खरी?"

"माझी."

"मंग तसंच सांगत जा," धुळाजी म्हणाले, "इचारील त्याला." आणि ठसकणारी एक मेंढी दाखवायला त्यांनी तिला कळपात पुढं नेलं.