शाळेतली आंबील

जळकोटाच्या अलीकडच्या त्या गावात शाळा चावडीमागच्या पडवीत भरायची. पटावर चौतीस नावं, येत होती नऊ. निजामाच्या राज्यातलं लेव्हीचं, सक्तीच्या धान्यवसुलीचं ते दुसरं साल. खळ्यावरची ज्वारी सरकारी मापानं निघून जायची आणि उरलेल्यात घरं कशीबशी तग धरायची. शांतलिंग मास्तर पाढे सांगायला लागले, की दोन-तीन पोरं भिंतीला टेकून डोळे मिटायची. मास्तरांनी त्यांना छडी मारणं सोडून दिलं होतं.

पडवीला लागून पार्वतम्माचं घर होतं. चाळिशीची विधवा बाई. मागच्या उन्हाळ्यात तिची एकुलती लेक गेली. अंगणातल्या पेवात, जमिनीखालच्या खड्ड्यात, लेव्हीपासून लपवलेली तीन पोती ज्वारी होती. पण पुढच्या सालाला राहावी म्हणून तिनं लेकीला अर्ध्या भाकरीवर ठेवलं होतं. पोरीला हगवण लागली. अंगात त्राण नव्हतंच, चार दिवसांत संपली. ज्वारी पेवात तशीच राहिली. पार्वतम्माच्या घशाखाली ती उतरत नव्हती.

एका सकाळी नऊ वर्षांची नीलम्मा पाटीवर लिहिता लिहिता आडवी झाली. मास्तरांनी तोंडावर पाणी मारलं. पार्वतम्मा धावत आली. कालपासून काय खाल्लं, असं तिनं विचारलं, तर पोर म्हणाली, चिंचेचा पाला.

दुसऱ्या दिवशी पार्वतम्मानं पेव उघडलं आणि पडवीमागं आंबिलीची चूल पेटली. ज्वारीचं पीठ, घोटभर ताक, मीठ, लसूण. पोरं घरून वाटी, करवंटी, पोचे आलेली जर्मनची ताटली घेऊन यायची. महिन्याभरात पडवी भरली. गुरांमागं जाणारी पोरं आली. ज्या मुलींना कधी शाळेचं तोंड दाखवलं नव्हतं, त्यांना आयांनी स्वतः आणून बसवलं. पेंगणं थांबलं. नीलम्माच्या गालांवर मांस आलं आणि दिवाळीपर्यंत तिनं उर्दूचं पहिलं पुस्तक संपवलं. पार्वतम्माही आता पोरांबरोबर वाटीभर प्यायची.

पौषात लेव्हीची वसुली बघणारा गिरदावर चावडीवर आला. पोरांचा गलका ऐकून तो मागं डोकावला. माणूस तुसडा नव्हता. भरलेली पडवी बघून त्यानं मास्तरांचं कौतुक केलं आणि हसतच पोरांना उर्दूत विचारलं, की हे धान्य येतं कुठून. मास्तर मधे बोलणार, तोवर नीलम्मा उठून उभी राहिली.

"पार्वतम्मा के पेव से, साहब," ती खणखणीत म्हणाली.

गिरदावरानं तिची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी शिपाई आले आणि पेव उकरून सगळी ज्वारी घेऊन गेले. गावातल्या बाकीच्या घरांचीही झडती झाली.

चूल विझली तरी पोरं तीन दिवस वाट्या घेऊन येत होती. मग एकेक गळत गेली. नीलम्मा मात्र पहिल्या दिवसापासूनच आली नाही. पार्वतम्मा तिच्या घरी गेली, तर पोर भिंतीकडं तोंड करून पडलेली. आई म्हणाली, घरात आहे तेवढंही खात नाही.

"पोरी, तू खरं बोललीस. त्यात तुझं काय चुकलं?"

पोर नखानं भिंतीचे पोपडे खरवडत राहिली.

"अव्वा, मला उर्दू यायलाच नको व्हतं," ती म्हणाली.

पार्वतम्मानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. त्या दिवशी पोरीनं दोन घोट पेज घेतली, पण माघात ताप भरला आणि तो तिला सोसला नाही.

तेराव्यानंतर पार्वतम्मा सूप घेऊन दारोदार निघाली. मूठभर पीठ द्या, शाळेतल्या पोरांना पाहिजे, एवढंच म्हणायची. पुष्कळांनी दार लावून घेतलं. काहींनी तिच्यामुळं गावावर झडती आली म्हणून शिव्या घातल्या. नीलम्माच्या आईनं सुपात मूठ रिती केली.

अकरा घरांचं पीठ जमलं. आंबील इतकी पातळ झाली, की वाटीचा तळ दिसायचा. चौदा पोरं आली. पार्वतम्मानं वाढायला घेतलं, आणि मास्तरांनी दोनाच्या पाढ्यापासून पुन्हा सुरुवात केली.